हातघाईची वेळ : डीबीएचे नियम वाचण्याआधी

वॉरगेमच्या टेबलावर दोन सैन्यं एकमेकांपासून लांब असतात, तोवर सगळं गुण्यागोविंदानं चालतं. कोणी पट्टी लावून अंतर मोजतो, कोणी टेकडीआडून घोडदळ सरकवतो, कोणी मधेच चहाचा घोट घेतो. दोन फळ्या भिडल्या की मात्र आवाज चढतात. "कोपऱ्याला कोपरा लागलाय." "कुठे लागलाय? फट दिसतेय की!" "आधी डावीकडची लढत घेऊ." "डावीकडचीच का?" ही पुस्तिका नेमक्या या घटकेसाठी लिहिली आहे. सैन्य कसं उभारावं, मूर्ती कशा रंगवाव्यात, टेबलावर नदी कुठे ठेवावी, हे तिचे विषय नाहीत. हातघाई सुरू झाल्यापासून ती निकालात निघेपर्यंत काय घडतं, एवढंच तिच्यात आहे.

खेळ आहे 'डे बेलिस अँटिक्विटाटिस', खेळाडूंच्या तोंडी 'डीबीए'. फिल बार्कर, सू लॅफ्लिन-बार्कर आणि रिचर्ड बॉडली स्कॉट यांनी तो रचला आणि १९९० साली वॉरगेम्स रिसर्च ग्रुपनं प्रसिद्ध केला. प्राचीन आणि मध्ययुगीन लढाया दोन फूट लांब, दोन फूट रुंद टेबलावर, तासाभरात लढता याव्यात, असा त्याचा आटोपशीर बेत आहे. दोन्ही बाजूंना प्रत्येकी १२ एलिमेंट. एलिमेंट म्हणजे एक चौकोनी बेस आणि त्यावर चिकटवलेल्या काही मूर्ती. मूर्ती १५ मिलिमीटरच्या असतील तर बेस ४० मिलिमीटर रुंद असतो. या खेळात एकेकटा सैनिक मरत नाही. अख्खं एलिमेंट टिकतं, मागे हटतं किंवा टेबलावरून उचललं जातं. आपल्याकडच्या खेळाडूला यातली 'क्लासिकल इंडियन' सेना ओळखीची वाटेल. झेलमच्या काठी इ.स.पू. ३२६ मध्ये पौरसाचे हत्ती आणि अलेक्झांडरचे भालाईत समोरासमोर आले, तो सामना या खेळात सहज मांडता येतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण पुढची सगळी पानं तिच्यावरच उभी आहेत. हातघाईच्या नियमांवरून होणारे वाद फाशांवरून क्वचितच होतात. फासा पडला की आकडा सगळ्यांना दिसतो आणि बेरीज शाळकरी पोरालाही येते. वाद होतो तो फासा हातात घेण्याआधी काय ठरलं, यावरून. कबड्डीतही चढाई करणाऱ्याचा हात लागला की नाही यावर भांडण होतं, हात लागल्यावर काय होणार यावर होत नाही. वॉरगेममध्ये असे तीन प्रश्न आहेत: कोण कोणाला भिडलंय, कोणत्या कडेनं भिडलंय आणि कोणती लढत आधी सोडवायची. नियम स्पष्ट करून घ्यायचा म्हणजे त्याला नवं शेपूट जोडायचं नाही. हे तीन प्रश्न याच क्रमानं विचारायचे.

या प्रश्नांमागे दोन-अडीच शतकांचा इतिहास आहे. ब्राउनश्वाइगच्या योहान ख्रिस्तियान लुडविग हेलविगनं १७८० साली बुद्धिबळावरून एक युद्धखेळ तयार केला. बुद्धिबळाचं मूळ आपल्या चतुरंगात आहे आणि चतुरंगाचा मूळ स्वभाव हेलविगच्या खेळातही उतरला: जो चालून जातो तो मारतो. शंकेला जागाच नाही. पण प्यादं उंटाला हमखास मारतं, तसं लढाईत होत नाही, हे सैनिकी पेशातल्या माणसाला कोणी सांगावं लागत नाही. प्रशियाच्या धाकट्या राइसविट्झनं १८२४ मध्ये 'क्रीगश्पील' मांडला, तेव्हा ही हमी काढून टाकली. १:८००० प्रमाणाचा नकाशा, त्यावर तुकड्यांचे ठोकळे, हातात तक्ते घेतलेला पंच, आणि फासे. दोन तुकड्या भिडल्या की त्यांच्या बळाचं प्रमाण बघून पंच योग्य तो फासा टाकायचा. प्रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुख म्यूफलिंग या खेळावर इतके खूश झाले की त्यांनी सैन्यात त्याची शिफारस केली. पुढे तक्त्यांचा पसारा वाढला आणि खेळ रेंगाळू लागला. मग १८७६ मध्ये फेर्डी द्यू व्हेर्नोआनं उलटी वाट धरली: तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल तो निकाल. हातघाईचा निवाडा कोणी करायचा, नियमानं, नशिबानं की जाणत्या माणसानं, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

हा खेळ सैनिकी कचेरीतून घरच्या जमिनीवर आणणाऱ्यांत एच. जी. वेल्स यांचं नाव ठळक आहे. १९१३ च्या 'लिटल वॉर्स'मध्ये तोफेच्या माऱ्यासाठी त्यांना नियम फारसा लागलाच नाही. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून लाकडी गोळा खरोखरच सुटायचा आणि जो शिपाई पडला तो मेला. पण शिशाचे शिपाई एकमेकांना संगीन मारू शकत नाहीत. त्यामुळे हातघाईसाठी वेल्सना लेखी नियम करावाच लागला: माणसामागे माणूस मरतो, आणि आपल्यांपासून तुटलेली, संख्येनं कमी पडलेली तुकडी असेल तर तिचे काही लोक कैद होतात. फासा नाही, नशीब नाही. यातला 'तुटलेली' हा निकष लक्षात ठेवण्यासारखा आहे. तुकडी एकटी पडली की नाही, हा प्रश्न संख्येचा नसून जागेचा आहे. हातघाईत जागेला महत्त्व आलं ते इथपासून.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये या छंदानं मूळ धरलं. डोनाल्ड फेदरस्टोन यांचं 'वॉर गेम्स' १९६२ मध्ये आलं. टोनी बाथ यांचे प्राचीन लढायांचे नियम त्यात होते. बाथ यांनीच १९६५ मध्ये 'सोसायटी ऑफ एन्शंट्स' स्थापन केली. वॉरगेम्स रिसर्च ग्रुप १९६९ पासून नियमावल्या काढू लागला, आणि आवृत्तीगणिक त्या फुगत गेल्या. अमेरिकेत १९७१ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचं 'चेनमेल' आलं. त्याच मुळातून पुढे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघालं. १९८३ च्या 'वॉरहॅमर'नं एका घावाचे तीन टप्पे केले: घाव बसला का, बसला तर जखम झाली का, आणि झाली तर चिलखतानं वाचवलं का. मूठभर फासे खुळखुळवण्यात मजा आहे, यात शंका नाही. डीबीएनं मात्र नेमकी उलटी दिशा धरली. अख्ख्या हातघाईला प्रत्येकी एक फासा.

ती कशी चालते ते एकदा जवळून बघू. प्रत्येक प्रकारच्या एलिमेंटला ठरावीक लढाऊ गुण आहेत. ब्लेड म्हणजे रोमन लीजनरीसारखं तलवारबाज पायदळ. पायदळाशी लढताना त्याला ५ गुण, स्वारांशी लढताना ३. स्पिअर म्हणजे ग्रीक हॉप्लाइटसारखे ढाल-भालेवाले. त्यांना दोघांविरुद्धही ४. दोन्ही खेळाडू फासा टाकतात, गुण मिळवतात, परिस्थितीनुसार अधिक-उणे करतात आणि बेरजा ताडून बघतात. बेरीज कमी पण प्रतिस्पर्ध्याच्या निम्म्याहून जास्त असेल, तर साधारणपणे एलिमेंट मागे रेटलं जातं. यालाच खेळाडू रिकॉइल म्हणतात. बेरीज निम्मी किंवा त्याहून कमी भरली तर एलिमेंट नष्ट. इथे दोन आकडे घोकून ठेवावेत. १० विरुद्ध ५ म्हणजे नष्ट, कारण ५ ही बरोबर निम्मी. ९ विरुद्ध ५ म्हणजे रिकॉइल, कारण साडेचारपेक्षा ५ जास्त.

आता ब्लेड विरुद्ध स्पिअर, सपाट जमिनीवर, कोणालाही कसलाही आधार नाही, सेनापती जवळ नाही. दोन फाशांच्या ३६ शक्यता आहेत. त्यांपैकी २१ वेळा ब्लेड जिंकतं, ५ वेळा बरोबरी, १० वेळा स्पिअर जिंकतं. पण ब्लेडच्या त्या २१ विजयांपैकी स्पिअर नष्ट होतं फक्त २ वेळा. उरलेल्या १९ वेळा ते नुसतं मागे सरतं. ब्लेड तर एकदाही नष्ट होत नाही. तासभर समोरासमोर ढकलाढकली करत बसलात तरी टेबलावरून फारसं काही उचललं जाणार नाही.

आता फासे तेच ठेवा, गुण तेच ठेवा, फक्त जागा बदला. स्पिअरच्या एका बाजूला शत्रूचं मोकळं एलिमेंट येऊन उभं राहिलं, म्हणजे ओव्हरलॅप झाला, की स्पिअरचा एक गुण वजा. नष्ट होण्याच्या शक्यता ३६ पैकी २ वरून ६ वर जातात. दोन्ही बाजूंनी ओव्हरलॅप झाला की १२. आणि समजा, शत्रूचं दुसरं एलिमेंट आपल्या पुढच्या कडेनं थेट स्पिअरच्या बगलेला भिडलं. वजा होतो तेव्हाही एकच गुण. पण नियम असा आहे की शत्रूची पुढची कड बगलेला किंवा पिछाडीला लागलेली असताना मागे हटायची पाळी आली, तर हटणं नाहीच, एलिमेंट थेट नष्ट. म्हणजे आता स्पिअर हरेल तेव्हा तेव्हा संपेल: ३६ पैकी २६ वेळा. इंग्रजीत खेळाडू याला 'क्लोजिंग द डोअर' म्हणतात, दार लावून घेणं. दोनचे सव्वीस झाले, आणि फाशाला कोणी हातही लावला नाही. म्हणूनच "बगलेला लागलंय की फक्त शेजारी उभं आहे?" या प्रश्नावर माणसं हमरीतुमरीवर येतात, आणि त्यात त्यांचं फारसं चुकतही नाही. सगळा डाव त्या प्रश्नावर ठरतो.

तेव्हा पहिला प्रश्न भिडण्याचा. डीबीएत अर्धवट, तिरकं भिडणं चालत नाही. पुढची कड पुढच्या कडेला पूर्ण लागते, कोपऱ्याला कोपरा जुळतो. किंवा पुढची कड शत्रूच्या बगलेला वा पिछाडीला ठरलेल्या रीतीनं जुळते. जुळवून घेणं हा चालीचाच भाग आहे, चाल संपल्यावर करायची मेहेरबानी नाही. कागदावर हे सरळ वाटतं. टेबलावर मात्र मूर्तींचे भाले पुढे आलेले असतात, बेसच्या कडा पुठ्ठ्याच्या असतील तर चेपलेल्या असतात, आणि एका केसाच्या फटीवर वीस मिनिटं जातात. या पुस्तिकेतला पहिला भाग आकृत्यांनी भरलेला आहे तो यासाठीच.

दुसरा प्रश्न कडेचा. एकाच एलिमेंटला समोरून एक आणि बगलेतून दुसरा असे दोन शत्रू भिडले तर ते लढतं समोरच्याशी. बगलेतला शत्रू गुण वजा करतो आणि परतीची वाट बंद करतो. पण समोर कोणीच नसेल आणि फक्त बगलेतून किंवा मागून शत्रू भिडला असेल, तर एलिमेंट त्याच्याकडे तोंड वळवतं आणि लढतं. नवखा खेळाडू हे दोन प्रसंग एकच समजतो. मग एकाच डावात तो कधी "वळू दे" म्हणतो, कधी "वळता येणार नाही" म्हणतो, आणि समोरच्याला वाटतं हा सोयीनं नियम वाचतोय.

तिसरा प्रश्न क्रमाचा, आणि सर्वांत दुर्लक्षित हाच. ज्याची पाळी, तो लढतींचा क्रम ठरवतो. हे सौजन्य नाही, हत्यार आहे. तीन ब्लेड तीन स्पिअरसमोर सरळ फळीत उभी आहेत असं समजा. ब्लेडवाल्यानं डावीकडची लढत आधी घेतली आणि तिथलं स्पिअर मागे हटलं, तर त्याच्यासमोरचं ब्लेड मोकळं झालं. आता ते मधल्या स्पिअरवर ओव्हरलॅप करतं. मधली लढत तीच, पण आता तिथे दोनऐवजी सहा शक्यता. मधली लढत आधी घेतली असती तर हा लाभ मिळाला नसता. उलटंही होतं: डावीकडे ब्लेडच हरलं, तर मधल्या ब्लेडचाच गुण जातो. म्हणून जाणता खेळाडू जिथे जिंकायची खात्री जास्त तिथून सुरुवात करतो, आणि मगच अडचणीच्या लढतीकडे वळतो. सगळ्या लढती एकदम सोडवायच्या आणि मग सगळे मिळून हटायचं, असं काही जण सवयीनं करतात. तसं केलं की खेळ दिसायला तोच राहतो, पण त्यातला निम्मा डावपेच नाहीसा होतो.

हे सगळं असंच का? नियम रचणाऱ्यांच्या मनात प्राचीन लढाईचं एक चित्र होतं आणि ते समजलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. आर्दां द्यू पीक हा फ्रेंच कर्नल १८७० च्या युद्धात मेट्झजवळ मारला गेला. मागे राहिलेल्या त्याच्या लिखाणात एक मुद्दा ठासून आहे: प्राचीन लढाईत समोरासमोर उभ्या माणसांनी एकमेकांना फारसं मारलं नाही. खरी कत्तल झाली ती एक बाजू फुटून पळू लागल्यावर, किंवा तिला कोंडल्यावर. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीला हॅनिबलनं रोमनांची मधली फळी पुढे येऊ दिली, दोन्ही बगला आवळल्या, मागून घोडदळ आणलं. त्या दिवशी रोमनांची संख्याच त्यांच्या जिवावर उठली, कारण हटायला जागा नव्हती. डीबीएतला रिकॉइल म्हणजे फळीचं मागे झुकणं. ओव्हरलॅप म्हणजे शेजारचा भिडू हटल्यावर उघडी पडलेली कूस. बगलेतला शत्रू आणि तुटलेली परतीची वाट म्हणजे कॅनी. सैन्यानं १२ पैकी ४ एलिमेंट गमावली, आणि प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त गमावली, की डाव संपतो. यामागेही हाच विचार आहे: शेवटचा माणूस पडेपर्यंत कोणी लढत नाही, तिसरा हिस्सा गेला की सैन्याचं अवसान गळतं.

काही ठिकाणी नियम मुद्दाम फाशाच्या वर जातो. मोकळ्या जमिनीवर नाइट्सनी, म्हणजे भाला रोखून चालून येणाऱ्या जड घोडेस्वारांनी, ब्लेडना हरवलं तर किती फरकानं हरवलं हे बघितलं जात नाही. ब्लेड नष्ट होतात. तेच नाइट खडकाळ किंवा दलदलीच्या जमिनीत शिरले की त्यांचे दोन गुण जातात. प्रत्येक सेनेला तिची जमीन शोधायला लावणं, हा या अपवादांचा हेतू. अपवाद पाठ करताना त्यामागची घोडदौड डोळ्यांसमोर आणली की ते लक्षात राहतात.

मग इतका सुसंगत खेळ असूनही वाद का होतात? याचं एक कारण बार्कर यांच्या लिहिण्यात आहे. ते नियम असे लिहितात की एकही शब्द वाया जाऊ नये. एका वाक्यात तीन अटी, दोन अपवाद आणि एक कंसातली सूट. अख्खा खेळ मोजक्या पानांत मावतो, त्याची किंमत वाचकाला मोजावी लागते. या शैलीला इंग्रजी खेळाडूंनी 'बार्करीज' असं नावच ठेवलं आहे. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या परिसरातल्या खेळाडूंनी आकृत्यांसह एक अनधिकृत मार्गदर्शिका काढली आणि ती जगभर वापरली गेली. बार्कर यांच्यावर टीका करणं सोपं आहे. पण त्यांच्या वाक्यात अट जिथे आहे तिथे ती कारणानं आहे. एकेक उपवाक्य सुटं करून वाचलं, तर बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

दुसरं कारण आवृत्त्यांचं. २००४ ची २.२ आणि २०१४ ची ३.० या दोन्ही आजही खेळल्या जातात. पहिलीत अंतरं पावलांत मोजतात, दुसरीत बेसच्या रुंदीत. पहिलीत स्पिअरला मागच्या रांगेचा आधार मिळतो, दुसरीत शेजारच्याचा. हा बदल दिसतो लहान, पण फळी खोल ठेवायची की रुंद, हे त्यावर ठरतं. एकजण जुनी आवृत्ती पाठ करून आलेला आणि दुसरा नवी, असे दोघं समोरासमोर बसले तर दोघंही खरं बोलत असतात आणि तरीही भांडतात. म्हणून या पुस्तिकेत जिथे आवृत्त्या वेगळ्या आहेत तिथे दोन्ही सांगितल्या आहेत, आणि डाव मांडताना पहिलं वाक्य आवृत्तीचं असावं असा आग्रह धरला आहे.

नियमाचा अर्थ लावताना आम्ही एक क्रम पाळला आहे. आधी अक्षर: नियमात जे लिहिलंय ते, पूर्ण वाक्यासह. मग आकृती: ते टेबलावर मांडून बघणं. या दोन्हींनी भागलं नाही तरच इतिहास: खऱ्या लढाईत काय झालं असतं. हा क्रम उलटा केला की गोंधळ होतो. "खऱ्या लढाईत हत्ती असा थांबला असता का?" या प्रश्नाला ज्याला जिंकायचंय त्याच्याकडे नेहमीच एक उत्तर तयार असतं. इतिहास नियमाचं कारण सांगतो, नियमाचं काम करत नाही.

घरगुती नियम करायला हरकत नाही, फक्त ते डाव सुरू होण्याआधी करावेत. वादाच्या भरात केलेला नियम हा नियम नसतो, तो त्या एका लढतीचा निकाल असतो आणि पुढच्या आठवड्यात तोच आपल्या विरुद्ध वापरला जातो. त्याहून उपयोगी सवय म्हणजे चाल करताना हेतू बोलून दाखवणं: "हे ब्लेड तुझ्या स्पिअरच्या बगलेला भिडवतोय, कोपरा इथे जुळतो, बरोबर?" समोरच्यानं मान हलवली की मगच बेस सोडायचा. शंका असेल तर तिचा निकाल तेव्हाच, फासे खिशात असताना लावायचा. फासा पडल्यानंतर प्रत्येकाला माहीत असतं की कोणता अर्थ आपल्या सोयीचा आहे, आणि मग प्रामाणिक माणसालाही निःपक्षपाती राहणं जड जातं.

एवढं करूनही काही प्रसंग अडतील. 'वॉरहॅमर'च्या पुस्तकांनी अशा वेळी एक मार्ग सुचवला आहे आणि तो इथेही चालतो: फासा टाका, निकाल मान्य करा, डाव पुढे न्या, आणि संपल्यावर निवांत बसून नियम शोधा. फक्त तो प्रसंग वहीत टिपून ठेवा, आकृतीसह. काही महिन्यांनी वही उघडून बघितलीत तर दिसेल की नियमात खरोखरच उत्तर नव्हतं असे प्रसंग फार थोडे आहेत. बाकीच्या ठिकाणी उत्तर होतं, आपण प्रश्न चुकीच्या क्रमानं विचारले होते. पुढची पानं तो क्रम हातात बसावा म्हणून आहेत. टेबलाशेजारी उघडी ठेवा आणि डाव मांडा.